फॉरमॅट मारायचे किती पैसे?

शोरूममधून पस्तीस-चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घरी येतो आणि पहिल्याच आठवड्यात पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उगवू लागतात. अँटिव्हायरसची मोफत मुदत संपत आली, पैसे भरा. वॉरंटी वाढवून घ्या. न मागितलेले गेम, न मागितलेली खरेदीची अ‍ॅप. वर्ष-दोन वर्षांत तो सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असेल तर जीव टांगणीला लागतो. मग कोणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारून घे." दुकानात गेलं की एक जण तीनशे रुपये सांगतो, दुसरा दीड हजार, आणि तिसरा विचारतो, "ओरिजिनल विंडोज टाकू की साधी?"

या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी लॅपटॉपचं बिल काढा. लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल, तर ओरिजिनल विंडोजचे पैसे तुम्ही तेव्हाच भरले आहेत. ते पुन्हा भरायचे नाहीत. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून कंपन्या लायसन्सची चावी मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून ठेवतात. विंडोज नव्याने टाकताना ती चावी आपोआप वाचली जाते, तुम्हाला काही टाइप करावं लागत नाही. हार्ड डिस्क बदलली तरी लायसन्स जात नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र जाऊ शकतं. म्हणून ते काम शक्यतो कंपनीच्या सेवा केंद्रातच करावं आणि लॅपटॉप ताब्यात घेताना लायसन्स चालू आहे ना हे तिथेच बघून घ्यावं. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम' भागात 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडलं की विंडोज 'डिजिटल लायसन्स'वर चालते आहे का ते दिसतं.

बिलावर 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तो लॅपटॉप विंडोजशिवाय विकलेला आहे आणि स्वस्त मिळाला तो त्यामुळेच. अशा मशीनवर दुकानदाराने विंडोज 'टाकून दिली' असेल, तर ती बहुतेक चोरीची असते. ती चालू करायला जे 'अ‍ॅक्टिव्हेटर' वापरतात, त्यांच्या पोटात काय दडलंय हे कोणी तपासत नाही. एक खूण लक्षात ठेवा: विंडोज चालू करण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागेल असं कोणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा. याच लॅपटॉपवर तुमचं नेट बँकिंग चालतं. विंडोज होमचं अधिकृत लायसन्स दहा हजारांच्या आसपास पडतं. ऑनलाइन तीनशे-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या चाव्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या नावावरच्या किंवा आधी वापरलेल्या असतात आणि कधीही बंद पडतात. दहा हजार परवडत नसतील तर चोरीच्या विंडोजपेक्षा मोफत लिनक्स शतपटीने बरं. त्याबद्दल पुढे.

कंपनीची भर परत आणू नका

बहुतेक लॅपटॉपमध्ये 'फॅक्टरी रिकव्हरी'ची सोय असते. एक बटण दाबलं की मशीन पहिल्या दिवसासारखं होतं. अडचण नेमकी इथेच आहे, कारण पहिल्या दिवशीही त्यात कंपनीने घातलेल्या, न मागितलेल्या अ‍ॅपची ती सगळी भर होतीच. सॉफ्टवेअर कंपन्या लॅपटॉप कंपन्यांना पैसे देतात म्हणून ती तिथे असते. २००८ साली सोनीने वायो लॅपटॉपवरची ही भर काढून देण्यासाठी ग्राहकांकडून ५० डॉलर घ्यायचं ठरवलं होतं. ओरड झाली तेव्हा ते शुल्क लगेच रद्द केलं. यापेक्षा गंभीर प्रकरण लेनोवोचं. २०१४ मध्ये काही मॉडेलवर 'सुपरफिश' नावाचं सॉफ्टवेअर आधीच घालून दिलेलं होतं. ते ब्राउझर आणि बँकेसारख्या सुरक्षित वेबसाइटच्या मधे बसून जाहिराती घुसवत असे. त्यामुळे सुरक्षित जोडणीचा अर्थच उरत नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघडकीला आलं, आणि २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरची तडजोड केली. २०१५ मध्येच आणखी एक गोष्ट समोर आली: काही मॉडेलमध्ये डिस्क पुसून स्वच्छ विंडोज टाकली तरी कंपनीचं सॉफ्टवेअर बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, परत येत होतं. त्यासाठी बायोस अपडेट द्यावा लागला. आजही काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये कंपनीचं अ‍ॅप आपोआप टाकण्याचा पर्याय असतो. तो बंद करता येतो आणि करावा.

म्हणून दुकानात 'रिकव्हरी मारा' म्हणू नका. 'पेनड्राइव्हवरून कोरी विंडोज टाका' असं सांगा. घरी करणार असाल तर विंडोजच्या रिकव्हरी सेटिंगमधला 'रीसेट धिस पीसी' हा सोपा मार्ग आहे. त्यात वैयक्तिक फाइल ठेवून बाकीचं पुसता येतं. 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर विंडोज मायक्रोसॉफ्टकडून ताजी उतरते. आधीची अ‍ॅप परत आणायची का असं विचारलं तर नकार द्या. एवढं करूनही कंपनीची थोडी भर मागे राहू शकते. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरल्याची शंका असेल तर रीसेटवर विसंबू नका, पेनड्राइव्हचाच मार्ग धरा.

या मार्गाचा खर्च फारच थोडा आहे. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. ३२ जीबीचा तीन-चारशे रुपयांत मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर 'मीडिया क्रिएशन टूल' मोफत आहे. ते चालवलं की पेनड्राइव्ह तयार होतो, पण त्यावर आधी जे असेल ते सगळं पुसलं जातं. डाउनलोड पाच-सहा जीबीचं असतं. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर ते होणार नाही, म्हणून ब्रॉडबँड असलेल्या कोणाकडे तरी हे काम उरकावं. तयार पेनड्राइव्ह पुढेही घरातल्या दुसऱ्या संगणकाला कामी येतो.

दुकानात पैसे कशाचे?

गल्लीतल्या दुकानात नुसती विंडोज टाकायचे साधारण ३०० ते ८०० रुपये घेतात. घरी बोलावलं तर ५०० ते १,०००. डेटा काढून परत भरायचा असेल तर त्याचे ३०० ते १,००० वेगळे. वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या सेवा केंद्रात हेच काम हजार ते अडीच हजारांपर्यंत जाऊ शकतं, वर १८ टक्के जीएसटी. हे आकडे अंदाजाचे आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा भाव आणि तालुक्याच्या गावातला भाव एक नसतो.

एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर विंडोज अर्ध्या तासात बसते. वेळ जातो तो डेटा उतरवण्यात, ड्रायव्हर शोधण्यात आणि अपडेट घेण्यात. जो टेक्निशियन ही तीनही कामं मन लावून करतो, त्याला पाचशे-सातशे रुपये देताना घासाघीस करू नये. आणि दोनशे रुपयांत वीस मिनिटांत लॅपटॉप परत देणाऱ्याने यातलं काय वगळलं हे आवर्जून विचारावं.

खरी किंमत डेटाची

मुलांचे फोटो, दहा वर्षांचे हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध. हे गेलं तर डिस्कमधून परत काढायला हजारो रुपये लागतात, आणि एसएसडीवरून पुसलेला डेटा बहुतेक वेळा परत येतच नाही. "सी ड्राइव्ह तेवढा फॉरमॅट होतो, डी तसाच राहतो" या वाक्यावर भिस्त ठेवू नका. आज बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह असतो, आणि दोन असले तरी एका चुकीच्या क्लिकने दुसराही जातो. लॅपटॉपच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर प्रत हवीच. तीही नुसती करून भागत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला हवी.

मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्ट विसरू नयेत. कृतिदेव, शिवाजी, किरण, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल तो फॉन्ट गेला की निव्वळ अगम्य चिन्हांच्या ओळी होतात. विंडोजच्या फोल्डरमधला 'फॉन्ट्स' फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवा. श्रीलिपीसारखं लायसन्सचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, डाँगल किंवा चावी हाताशी असल्याची खात्री आधी करा. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांनी डेटा फोल्डरची प्रत तर घ्यावीच, शिवाय फॉरमॅटपूर्वी टॅलीमधूनच लायसन्स 'सरेंडर' करावं. नाहीतर ते जुन्या मशीनच्या नावावर अडकतं आणि ऐन जीएसटी विवरणाच्या तारखेला धावपळ होते. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनमध्ये असते, ती फॉरमॅटने जात नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो.

लॅपटॉपबरोबर एमएस ऑफिस आलं असेल तर ते कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलंय ते बघून ठेवा. त्याच खात्यातून ते पुन्हा मोफत उतरवता येतं. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तो आधी मिळवा, कारण ऑफिस पुन्हा विकत घ्यायचं म्हणजे आणखी काही हजार रुपये. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची मेल फाइल, डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइल यांच्याकडेही लक्ष असू द्या.

आणखी दोन गोष्टींमुळे घरच्या घरी काम करणारे मध्येच अडकतात. पहिली, बिटलॉकर. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदल केला की लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधीच कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर डिस्कवरचा डेटा कोणीही, कितीही पैसे घेऊन, उघडून देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, ड्रायव्हर. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. लोकांना वाटतं डिस्क गेली, आणि काही ठिकाणी नवी डिस्क विकलीही जाते. लागतो फक्त इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर. तो आणि वाय-फायचा ड्रायव्हर कंपनीच्या सपोर्ट पानावरून, लॅपटॉपचा सीरियल नंबर टाकून, आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

नुसत्या फॉरमॅटने भागेल का?

लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फॉरमॅटने चार-सहा आठवडे बरं वाटेल आणि मग पुन्हा तेच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर पैसे एसएसडीवर घाला. २५६ जीबीची एसएसडी साधारण दोन ते साडेतीन हजारांत येते, भाव वरखाली होतो. विंडोज नव्याने टाकायचीच आहे, तर दोन्ही कामं एकदम करा, मजुरी एकदाच पडेल. जुनी डिस्क पुसू नका. तीन-पाचशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवली की तीच तुमचा बॅकअप होते, आणि जे घ्यायचं राहिलं ते सापडतं. बँकेची, नोकरीची कागदपत्रं असलेली डिस्क दुकानात सोडून येणं तर कधीच नको.

विंडोज १० चं नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. नोंदणी केलेल्या घरगुती ग्राहकांना पुढे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट देण्यात आलं. म्हणून आता फॉरमॅट करताना विंडोज १० पुन्हा टाकण्यात फारसा अर्थ नाही. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप असेल तर विंडोज ११ त्याच जुन्या लायसन्सवर मोफत टाकता येते. याहून जुन्या मशीनसाठी लिनक्स मिंट आहे. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवरही ते नीट चालतं, युनिकोड मराठी टाइप होतं, पत्रं लिहिता येतात, व्हिडिओ बघता येतात. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेलं 'बॉस' लिनक्सही मोफत आहे. मात्र टॅली आणि श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी लिनक्सकडे जाऊ नये. त्यांचं काम विंडोजवरच होतं.

दुकानात मशीन देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: लॅपटॉपचा सीरियल नंबर, रॅम आणि डिस्क किती जीबीची, डेटा ठेवायचा की पुसायचा, आणि एकूण किती पैसे. मायक्रोसॉफ्ट किंवा ईमेलचा पासवर्ड दुकानात सांगू नका, लॉगिन घरी येऊन स्वतः करा. वेगळा अँटिव्हायरस घेण्याचा आग्रह होईल. घरगुती वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरही टाळा, अर्धी भर त्यांच्याच मागून परत येते.

न सांगता पार्ट बदलला, कबूल केलेला डेटा गमावला किंवा चोरीची विंडोज ओरिजिनल म्हणून विकली, तर पावती घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि वकील करणंही सक्तीचं नाही.