ऑफसेटला हात लावण्याआधी

बाळा, क्वालिटीत रुजू होतोयस, तर आधी गेज बघ, जॉब मागाहून. शाफ्टचा व्यास २५ मिमी, अधिक-उणे ०.०२ असेल, तर एकूण टॉलरन्स ४० मायक्रॉन. गेजला त्याचा दहावा भाग, म्हणजे ४ मायक्रॉन, तरी दिसायला हवा. ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्नियर तिथे कुचकामी. एका मायक्रॉनचा मायक्रोमीटर घे. मग तेच जॉब दोन-तीन जणांकडून, आधीचं माप न सांगता, पुन्हा पुन्हा मोजून घे. आकडे जुळले नाहीत तर मशीनवर आळ घेऊ नकोस. मशीनवरून उतरलेला गरम जॉबही लगेच मोजायचा नाही. १०० मिमी स्टील दहा अंश तापलं की साधारण ११ मायक्रॉन वाढतं. दुपारच्या शिफ्टची बरीचशी रिजेक्शन निव्वळ उन्हाची असतात!

एक जॉब ५ मायक्रॉन मोठा आला की ऑपरेटर ऑफसेटमध्ये लगेच ५ उणे करतो. माणूस कामसू, पण घात तोच करतो. प्रोसेस मुळात स्थिर असताना दर जॉबमागे अशी दुरुस्ती केली, तर मापांचा पसारा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग नरसाळ्यातून गोट्या सोडून हेच दाखवायचे.

मग हात घालायचा कधी? अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात त्याची वाट दाखवली, तोच हा कंट्रोल चार्ट. तासातासाला सलग पाच जॉब उचल. त्यांची सरासरी आणि सर्वांत मोठ्या-लहान मापांतला फरक मांड. असे वीस-पंचवीस गट झाले की एकूण सरासरीच्या वर आणि खाली, सरासरी फरकाच्या ०.५७७ पट अंतरावर रेषा ओढ. फरकाचा चार्ट वेगळा ठेव. या रेषा म्हणजे ड्रॉइंगवरचा टॉलरन्स नव्हे; इथे घोळ घालणारे डिग्रीवाले मी पुष्कळ पाहिलेत.

ठिपका रेषेबाहेर गेला, किंवा सलग आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, की थांब. इन्सर्ट, चकचे जॉ, बारचा नवा लॉट, सगळं तपास. इन्सर्ट झिजून व्यास हळूहळू चढत असेल तर ऑफसेट जरूर दे. एरवी हात खिशात.

सिक्स सिग्माचे पट्टे सवडीने मिळव. पण ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने महिन्याचे चार्ट भरायला कुणी बसवलं, तर बसू नकोस. त्यापेक्षा कोरा चार्ट परवडला. तो बघून निदान कुणी ऑफसेट तरी बदलत नाही.