कलम एकवीस आणि आजोबांची झोपडी

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर घटनेचे कलम २१ लिहिले. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, असे मी मनाशी म्हटले. पुढे सरांच्या सांगण्यावरून जुने निकाल वाचू लागलो, तेव्हा ही घमेंड उतरली.

१९५० साली कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बहुमताने ठरले ते असे की, विधिमंडळाने रीतसर संमत केलेला कायदा असला म्हणजे पुरे. त्यातील कार्यपद्धती न्याय्य आहे की नाही, हे न्यायालयाने पाहावयाचे नाही. न्या. फझल अली यांना हे मान्य नव्हते. माणसाला सूचना मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे त्या शब्दांतच अभिप्रेत आहे, असे त्यांचे मत. परंतु भिन्नमत कोणावर बंधनकारक नसते. कलम १४१ प्रमाणे खालची न्यायालये बहुमताच्या निकालाने बांधली गेली.

पूर्वनिर्णय एका फटक्यात कोसळत नाही, हे मला येथे कळले. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने गोपालन निकालाचा पाया काढून घेतला. मग १९७८ साली मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी सांगितले की, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. कलमातील एक अक्षरही मधल्या काळात बदलले नव्हते.

हे सारे मी आजोबांना उत्साहाने सांगू लागलो, त्याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात ते मराठवाड्यातून मुंबईस गेले आणि बरीच वर्षे फुटपाथवर झोपडी बांधून राहिले. १९८१ साली अशा झोपड्या हटवून लोकांना मुंबईबाहेर पाठविण्याचे सरकारने जाहीर केले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने म्हटले की, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. उच्च न्यायालयात या लोकांनी फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपणांस नाही, असे कबूल केले होते; महापालिकेने त्यावर बोट ठेवले. न्यायालयाने ते मानले नाही. मूलभूत हक्क कोणी सोडतो म्हटल्याने सुटत नाही! मला हा भाग सर्वांत आवडला.

पण निकालाचा उत्तरार्ध वेगळा आहे. नोटीस न देता झोपडी हटविण्याची मुभा देणारे महापालिका अधिनियमातील कलम ३१४ वैध ठरले. मात्र नोटीस देणे हा नियम आणि न देणे हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला गेला. एरवी आयुक्तांनी सुनावणी द्यावी असे आम्ही सांगितले असते, पण ती आमच्यापुढेच झाली आहे, असेही न्यायालय म्हणाले. हे मला पटत नाही. दिल्लीत वकिलांनी केलेला युक्तिवाद म्हणजे माझ्या आजोबांची सुनावणी कशी? ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरून महिना होईपर्यंत, झोपड्यांना अभय मिळाले. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्र असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले, पण ती आधी दिल्याशिवाय हटवू नये अशी अट घातली नाही.

आजोबांची झोपडी निकालानंतर वर्षभरातच गेली.

"म्हणजे आपण जिंकलो होतो का हरलो होतो?" त्यांनी विचारले.

मला नीट सांगता येईना. मी उलट विचारले, "आजोबा, तुम्हांला नोटीस आली होती का?"

"भिंतीला कागद चिकटवला होता म्हणं," ते म्हणाले. "मी कामावर होतो."