रंगमंचावरून पडद्यावर

कन्नडहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की वाटेत वेरूळ लागते. तेथील कैलास लेण्यात एक प्रसिद्ध शिल्प आहे. खाली रावण आपल्या अनेक हातांनी कैलास पर्वत हलवीत आहे. वर पार्वती भयभीत होऊन शिवाला बिलगली आहे. शिव मात्र शांत आहे. त्याने केवळ पायाच्या दाबाने तो पर्वत स्थिर केला आहे.

हीच कथा आजी सांगू लागली तर तिला घटकाभर वेळ लागेल. रावण कोठून आला, त्याला राग का आला, पुढे त्याचा गर्व कसा उतरला, हे सारे ती क्रमाने सांगेल. दगडाला असे बोलता येत नाही. शिल्पकाराच्या हाती एकच क्षण असतो. म्हणून ज्या क्षणात सारी कथा एकवटली आहे, तोच त्याने नेमका निवडला. मुलांनो, कथा तीच असली तरी माध्यम बदलले की ती सांगण्याची रीत बदलावी लागते. कुशल कलावंत जाणतो की, काय बदलायचे आणि काय मुळीच बदलायचे नाही.

नाटकाचा चित्रपट करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. त्यातून ते संगीत नाटक असेल, तर प्रश्न अधिकच बिकट होतो.

संगीत नाटक हे महाराष्ट्राचे मोठे वैभव आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला नाट्यसंगीताचे वेड लागले. बालगंधर्वांसारखे गायक नट पद म्हणू लागले की श्रोते तल्लीन होत. एखादे पद फारच रंगले, तर प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’चा गजर होई आणि नटाला ते पुन्हा गावे लागे. पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला आणि हळूहळू संगीत नाटकांचा बहर ओसरू लागला. तरीही ही परंपरा लोपली नाही. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या एका नाटकाने तिला नवे तेज दिले. त्या नाटकाचे नाव ‘कट्यार काळजात घुसली’.

नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ते लिहिले. सारे लोक त्यांना आदराने ‘मास्तर’ म्हणत. पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी त्याला संगीत दिले, तर खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली. ही कथा घडते विश्रामपूर नावाच्या एका काल्पनिक संस्थानात. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन हे दोन थोर गवई. दोघांची घराणी निराळी, गायकीही निराळी. दरबारातील स्पर्धेत जो विजयी होईल त्याला राजगायकाचे पद, राहण्यास हवेली आणि एक मानाची कट्यार मिळे. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असे. खाँसाहेब विजयी होतात. पंडितजींना गुरू मानणारा सदाशिव त्यांच्याकडे विद्या शिकण्यासाठी येतो, तेव्हा पंडितजी हवेली सोडून गेलेले असतात. विद्येच्या ओढीने तो खाँसाहेबांच्या घरी चाकर म्हणून राहतो आणि चोरून त्यांचे गाणे ऐकतो. ही गोष्ट उघडकीस येते, तेव्हा खाँसाहेबांच्या हाती ती कट्यार असते! ज्याच्याजवळ विद्या आहे त्याने ती कुलपात ठेवावी, की पात्र शिष्याला मोकळ्या मनाने द्यावी? हा या नाटकाचा खरा प्रश्न आहे.

या नाटकावरून सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१५ साली दिवाळीत प्रदर्शित झाला. मधे अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती. वसंतरावांच्या आवाजातील पदे तोपर्यंत घरोघरी पोहोचली होती आणि जाणत्या रसिकांना त्यांतील तानान्‌तान पाठ होती. अशा लाडक्या कलाकृतीला हात लावणे सोपे नव्हे. जसेच्या तसे उतरावे, तर पडद्यावर ते निर्जीव वाटण्याची भीती. फार बदलावे, तर मूळ नाटकाचा आत्माच हरवण्याची भीती. या दोन भीतींच्या मधून वाट काढायची होती.

आता नाटक आणि चित्रपट यांतील भेद ध्यानी घ्या. नाटकाच्या प्रेक्षकाची जागा ठरलेली असते. शेवटच्या रांगेतील माणसाला नटाचे डोळे दिसत नाहीत. म्हणून नट आपले मन शब्दांतून, हातवाऱ्यांतून आणि मुख्यतः सुरांतून प्रकट करतो. कॅमेरा मात्र नटाच्या अगदी जवळ जातो. पापणी लवली तरी ती हजारो लोकांना दिसते. जे रंगमंचावर दहा वाक्यांत सांगावे लागते, ते पडद्यावर एका दृष्टिक्षेपात कळू शकते. शिवाय रंगमंचावर हवेली एकच. पडद्यावर मात्र दरबार, हवेली, नदीकाठ, रानवाट अशी कोणतीही स्थळे क्षणात उभी करता येतात.

चित्रपटकर्त्यांनी या सोयींचा विचारपूर्वक उपयोग केला. नाटकात आधीच्या घटना बहुतांशी संवादांतून कळतात. चित्रपटात त्या डोळ्यांसमोर घडतात. पंडितजी व खाँसाहेब यांचा प्रथमचा स्नेह, मग वर्षानुवर्षांच्या पराभवाने खाँसाहेबांच्या मनात धुमसणारा मत्सर, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहतो. त्यामुळे खाँसाहेब केवळ दुष्ट वाटत नाहीत. मत्सराने पोखरलेला एक थोर कलावंत म्हणून त्यांची कीवही येते. आणखी एक युक्ती अशी की, ही सारी कथा ती कट्यारच आपल्याला सांगते. निर्जीव वस्तूला वाचा देणे पडद्यावर शोभून गेले.

गाण्यांचे काय करावे? येथे खरी कसोटी होती. ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’ यांसारखी नाटकातील प्रसिद्ध पदे चित्रपटात राखली गेली. त्यांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय या संगीतकारांनी नवी गाणी रचली. ‘सूर निरागस हो’ हे त्यांपैकीच एक. जुन्या वाड्याचे खांब तसेच ठेवून नवी दालने बांधावीत, तसा हा प्रकार झाला.

रंगभूमीवर जो नट दिसतो तोच गातो. चित्रपटात मात्र चेहरा एकाचा आणि कंठ दुसऱ्याचा असू शकतो. यालाच पार्श्वगायन म्हणतात. पंडितजींच्या भूमिकेत गायक शंकर महादेवन यांनी अभिनयही केला आणि गायनही केले. खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगांवकर यांची. परंतु त्यांचा गाता गळा होता राहुल देशपांडे यांचा. हे राहुल देशपांडे म्हणजे वसंतरावांचे नातू! सदाशिवाची भूमिका सुबोध भावे यांनी केली आणि त्याचे गायन महेश काळे यांनी केले. महेश काळे हे पंडित अभिषेकींचे शिष्य. राहुल आणि महेश या दोघांनी चित्रपटापूर्वी या नाटकाच्या नव्या प्रयोगांतही गाऊन त्या पदांची आराधना केली होती. आजोबांची पदे नातवाच्या कंठी आली आणि गुरूने घडविलेला सूर शिष्याच्या मुखातून उमटला. महेश काळे यांना या चित्रपटातील ‘अरुणी किरणी’ या नव्या गीतासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या बदलात काही गमावले नाही, असे म्हणणे मात्र खरे ठरणार नाही. नाटकात गायक रोज नव्याने गातो. आजच्या प्रयोगातील तान उद्याच्या प्रयोगात तशीच येईल असे नाही. श्रोत्यांनी दाद दिली की त्याला स्फुरण चढते आणि पद फुलत जाते. चित्रपटातील गाणे एकदा ध्वनिमुद्रित झाले की कायमचे ठरून गेले. कितीही टाळ्या पडल्या, तरी पडद्यावरचा गवई एक आलापही वाढवीत नाही. पण त्याच चित्रपटाचा एक मोठा गुण आहे. नाटक मंडळींना गावोगावी जायचे तर नट, वादक, पडदे, सामान असा सारा संसार बरोबर न्यावा लागतो. चित्रपटाला तेवढा खटाटोप नको. मुंबई-पुण्याच्या रसिकाने जे ऐकले, तेच कन्नडच्या मुलालाही ऐकता येते. आणि ते ऐकून मूळ नाटक पाहण्याची इच्छा एखाद्याच्या मनात जागी झाली, तर गमावलेल्याची काही अंशी भरपाईच होते.

आता पुन्हा सदाशिवाकडे वळू. तो खाँसाहेबांचे गाणे ऐकून शिकला. पण त्यांची नुसती नक्कल करीत राहिला नाही. पंडितजींच्या गायकीचे संस्कार त्याने टाकले नाहीत आणि खाँसाहेबांच्या गायकीला परके मानले नाही. दोहोंतून त्याला स्वतःचा सूर सापडला. चांगला चित्रपटही मूळ नाटकाचा असाच शिष्य असतो. गुरूपाशी निष्ठा हवी, परंतु आवाज स्वतःचा हवा. १९११ सालचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ २०२५ साली चित्रपटरूपाने आले, तेव्हा नव्या पिढीच्या कलावंतांपुढे पुन्हा हीच कसोटी उभी राहिली. पुढेही ती राहील.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या गोष्टीचे नाटक बसवाल, तेव्हा वेरूळच्या त्या शिल्पकाराची आठवण ठेवा. गोष्टीतले सारेच रंगमंचावर आणता येणार नाही. काही गाळावे लागेल, काही नवे घालावे लागेल. ते करताना या गोष्टीचे काळीज कोठे आहे, हे आधी शोधा. ते सापडले की बाकीचे बदल निर्भयपणे करा.

स्वाध्याय

१. कैलास लेण्यातील शिल्पाचे उदाहरण लेखकाने पाठाच्या आरंभी का दिले आहे?
२. नाटक आणि चित्रपट यांतील कोणते भेद या पाठात सांगितले आहेत?
३. चित्रपटात खाँसाहेबांची कीव का येते?
४. ‘चांगला चित्रपटही मूळ नाटकाचा शिष्य असतो’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या आवडीच्या एका गोष्टीचे नाटक करायचे आहे. तुम्ही कोणता प्रसंग राखाल, कोणता गाळाल आणि का, ते दहा ओळींत लिहा.