जुन्या ट्रकचा नरम ब्रेक : परीक्षा व उपाय

धानाची मळणी आटोपली म्हणजे पवनी तालुक्यांतील रस्त्यांवर लहान ट्रकांची वर्दळ सुरू होते. गोसेखुर्द धरणाच्या कालव्यांमुळें कित्येक गांवीं उन्हाळी धानही होऊं लागलें असल्यानें ही वर्दळ आतां वर्षांतून दोन वेळां असते. यांपैकीं पुष्कळ गाड्या शेतकऱ्यांनीं जुन्या विकत घेतलेल्या असतात. १९८६ सालीं प्रथम निघालेल्या टाटा ४०७ या जातीच्या गाड्याही त्यांत दिसतात. गाडी घेतेवेळीं इंजिनाचा आवाज ऐकला जातो, टायर पाहिले जातात. ब्रेकचें पायडल दाबून धरणारें गिऱ्हाईक मात्र क्वचितच आढळतें.

पायडल पायाखालीं कापसाच्या गादीसारखें दबतें आणि दोनतीन वेळां मारल्यावर कोठें ब्रेक लागतो, ही या गाड्यांविषयींची नेहमींची तक्रार आहे. चालकास त्याची संवय होऊन जाते, आणि खरा धोका या संवयींतच आहे. गाडी कट्ट्यांनीं भरलेली, कट्ट्यांवर माणसें बसलेलीं (तीं बसवूं नयेत हें खरें, तथापि बसतात), आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यालगतच्या रस्त्यावर एकाएकीं रानडुक्कर आडवें आलें, तर पायडल दुसऱ्यांदा मारावयास अवकाश मिळत नाहीं.

या ब्रेकची रचना साधी आहे. पायडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेलास ढकलतो व तो दाब नळ्यांवाटे प्रत्येक चाकाच्या सिलिंडरपर्यंत पोंचतो. कोंडलेल्या द्रवाच्या एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत सांगितला. त्यावरच हें सर्व चालतें. द्रव दाबून लहान होत नाहीं, हवा होते. म्हणून नळींत थोडीशीही हवा शिरली कीं पायाचें बळ ती हवा दाबण्यांतच खर्च होतें व चाकापर्यंत अपुरें पोंचतें.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. तिचें पायडल नरम झालें म्हणून एका मिस्त्रीकडून हवा काढविली. आठ दिवस बरे गेले, पुन्हां तेंच. असें तीनदां झालें. चौथ्या वेळीं डाव्या बाजूचें मागील चाक उतरवून चाकाच्या सिलिंडरवरील रबरी टोपी बोटानें उचलून पाहिली, तों आंत ओल. सिलिंडरास आंतून गंजाचे खड्डे पडले होते, रबरी वायसर झिजले होते, व पायडल सुटतांना तेथूनच थोडथोडी हवा आंत ओढली जात होती. हवा आपोआप उत्पन्न होत नाहीं. ती ज्या दारानें आली तें दार न शोधतां ती काढीत बसणें म्हणजे फुटलेल्या बांधीत पाणी भरीत बसण्यासारखेंच होय.

तें दार शोधण्याच्या परीक्षा घरींच करितां येतात. इंजिन बंद ठेवून पायडल चारपांच वेळां दाबावें, म्हणजे बूस्टरचें साहाय्य संपतें. मारतां मारतां पायडल वर येऊन दगडासारखें कठीण झालें तर बहुधा हवा नसून शू व ड्रम यांमधील अंतर वाढलेलें असतें. तें नीट जुळवून घ्यावें. वर येऊनही लवचीकच राहिलें तर हवा आहे असें समजावें. नंतर पायडल सारख्या जोरानें एक मिनिटभर दाबून धरावें. तें हळूहळू खालीं बसत गेलें तर तेल कोठून तरी निसटत आहे. चाकांच्या आंतील बाजू, नळ्यांचे सांधे व मास्टर सिलिंडरची मागील बाजू पाहावी. कोठेंच ओल नसेल व बाटलींतील तेलही उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वायसर दाब धरीत नाहीं असें जाणावें. पायडल दाबलेलें असतां इंजिन सुरू केल्यास तें किंचित् खालीं जातें. तो दोष नव्हे, बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे. एका इसमानें पायडल दाबावें व दुसऱ्यानें रबरी हौज पाईप मुठींत धरावा. तो फुगतांना जाणवला तर बदलून टाकावा.

थंड गाडीचा ब्रेक चांगला, पण भरल्या गाडीनें उतारावर बराच वेळ ब्रेक लावल्यावर तोच नरम पडतो, असें असेल तर तेलांत पाणी शिरलें आहे. साधें ब्रेक ऑईल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ जातीचें कोरें तेल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. त्यांत शेंकडा साडेतीन ते चार भाग पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. मग तापलेल्या चाकापाशीं वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दबते. म्हणून तेल दर दोन वर्षांनीं सगळें बदलावें. आमच्याकडील पावसाळा पाहतां हें टाळूं नये.

दोष दुरुस्त झाल्यावरच हवा काढावी. चाकांस लांकडी ओंडक्यांची अडण लावावी. केवळ जॅकवर विसंबून गाडीखालीं शिरूं नये. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करितात. गाडीच्या पुस्तकांत निराळा क्रम दिला असेल तर तो पाळावा. निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचें टोंक थोडें तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पायडल सावकाश दाबून धरावें व "धरलें" म्हणून सांगावें. दुसऱ्यानें निपल पाव फेरा सैल करावें, बुडबुडे जाऊं द्यावे, व तें घट्ट केल्यावरच पायडल सोडण्यास सांगावें. येथें घाई झाली कीं हवा उलट आंत जाते. भराभर पायडल मारण्यानें तेलांत फेंस होतो, तेंही करूं नये. वरची बाटली अर्ध्याखालीं केव्हांही उतरूं देऊं नये. मास्टर सिलिंडर जुनें असल्यास पायडलखालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा. नाहीं तर पायडल तळापर्यंत जाऊन वायसर आजवर न घासलेल्या, गंजलेल्या भागावर जातो व फाटतो. कित्येकांचें चांगलें सिलिंडर हवा काढतांनाच बिघडलें, त्याचें कारण हेंच. गंजलेलें निपल जोरानें फिरवूं नये. गंज सोडविणारें तेल सोडून रात्रभर राहूं द्यावें.

तेल बाटलीच्या टोपणावर लिहिलेल्या जातीचेंच घालावें. अडचणीच्या वेळीं इंजिनाचें तेल किंवा डिझेल ओतणारे लोक आहेत. त्यानें सर्व रबरें फुगतात व दुसऱ्या दिवशीं सगळीच दुरुस्ती अंगावर येते. रबरें धुण्यासही रॉकेल वापरूं नये, ब्रेक ऑईलच वापरावें. तेल झिरपून भिजलेले लायनर धुऊन पुन्हां बसवूं नयेत. दोन्ही बाजूंचे नवे घालावे.

मोठ्या ट्रकांत हवेचे ब्रेक असतात, त्यांस वरील परीक्षा लागू नाहींत. तेथें दाबाचा कांटा पाहावा.

दुरुस्तीनंतर गाडी प्रथम मोकळ्या, सपाट जागीं रिकामी व सावकाश चालवून थांबवून पाहावी, मग थोडा माल घालून, आणि दुसऱ्या दिवशीं बाटलींतील तेलाची खूण पुन्हां तपासावी. डब्यांत उरलेलें तेल पुढील हंगामासाठीं ठेवूं नये. उघडलेला डबा ओल धरतो.