लॉगिनला कसली आलीय देखभाल?

प्रश्न : माझी सून पुण्याच्या एका कंपनीचे काम इथे मदन महलला घरी बसून करते. काम काय, विचारले की म्हणते, ‘बाबा, लोकांची लॉगिनं सांभाळते.’ रविवारी रात्री अकराला फोन वाजतो आणि ती लॅपटॉप उघडून बसते ती दोनपर्यंत. एकदा प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड देऊन टाकला की त्यात रोज सांभाळण्यासारखे उरते काय? आमचा बॅलन्सिंग रॉक १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही. नीट बसले की बसले! ता. क. : मला नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण कार्यालयाचा संगणक वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायचे विसरत नाही.
– एक वाचक, मदन महल, जबलपूर

उत्तर : दगडाला मुदत नसते. सूनबाई जे सांभाळतात त्यात जवळजवळ प्रत्येक गोष्टीला असते.

पूर्वी मेल, पगार, रजा, भांडार, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असे आणि सगळे मिळून कीबोर्डखालच्या एका चिठ्ठीवर असत. आता मोठ्या कार्यालयांत ओळख पटवायची खिडकी एकच. तिथे तुम्ही कोण ते पटले की खिडकी एक परवाना देते आणि बाकीच्या प्रणाली पासवर्ड न विचारता तो परवाना बघून आत सोडतात. तुमचे शहर पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयाचे, तेव्हा रेल्वेतलाच दाखला देतो. एकेरी मार्गावर स्टेशनातल्या नील नावाच्या यंत्रातून निघालेला धातूचा गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. गोळ्यावर दोन स्टेशनांची खूण कोरलेली. चामडी पिशवीत गोळा, पिशवीला मोठे कडे, आणि धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे खांद्याकडे ओढून घ्यायचे. गोळा तेवढ्याच टप्प्यापुरता, पुढच्या स्टेशनात जमा. संगणकातल्या परवान्याला टोकन किंवा तिकीटच म्हणतात.

अशी तिकिटे देणारी एक जुनी पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीत १९८० च्या दशकात तयार झाली. नाव कर्बेरॉस, ग्रीकांच्या पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. (आपल्या दत्तापाशी चार कुत्रे असतात, पण ते कुणाला अडवत नाहीत.) विंडोजच्या कार्यालयीन जाळ्यात आजही तीच चालते. काही बदल केला नसेल तर तिकीट दहा तास चालते आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर नाकारले जाते. हा नियम मी कागदावर वाचला होता, समजला तो फजितीतून. मी काम करत होतो तिथल्या एका शाखेत रात्री वीज गेली, सकाळी सर्व्हर उठला तो सात मिनिटे मागे. शाखेतल्या कुणाचीच मुख्य कार्यालयातली कामे उघडेनात. आम्ही शहाण्यांनी दुपारपर्यंत चाळीसेक जणांचे पासवर्ड बदलून दिले. तीनच्या सुमारास चहा घेऊन आलेला शिपाई भिंतीकडे पाहून म्हणाला, ‘साहेब, तुमच्या स्क्रीनवरचं घड्याळ मागं आहे.’ सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळी घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून ठेवा आणि नोंदी १८० दिवस जपा असे बजावले, तेव्हा मला तो शिपाई आठवला.

आता रविवारच्या रात्रीचे. परवाना खरा आहे हे त्यावरच्या डिजिटल शिक्क्यावरून कळते. त्या शिक्क्याच्या सर्टिफिकेटला मुदत असते. ती संपायच्या आत नवा शिक्का खिडकीवर बसवायचा, आणि तो ओळखणाऱ्या प्रत्येक प्रणालीलाही कळवायचा. पगाराची प्रणाली एका कंपनीची, रजेची दुसरीची, त्यांचे लोक तिसऱ्याच शहरात. एकाने जरी जुनाच शिक्का ठेवला तर सोमवारी साडेनऊला दारात गर्दी. म्हणून कमीत कमी माणसे कामावर असतात ती वेळ निवडतात. सूनबाई दोनपर्यंत जागतात त्यातला अर्धा वेळ, माझ्या अंदाजाने, पलीकडचा फोन उचलेपर्यंत वाट बघण्यात जातो.

नजर ठेवणे हे याहून वेगळे काम. सर्व्हर चालू आहे एवढे दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यावर माझा फारसा भरवसा नाही. एक चाचणी खाते करून त्याला दर मिनिटाला खरोखर लॉगिन करायला लावावे आणि किती सेकंद लागले ते टिपावे, ते खरे. गुगलसारख्यांचेही पाय घसरतात. १४ डिसेंबर २०२० ला, आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच, जीमेल आणि यूट्यूब ४७ मिनिटे बसले. यंत्रे शाबूत होती. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या सेवेला जागा किती लागते हे मोजणारी व्यवस्था ऑक्टोबरात बदलली होती, पण जुनीचा एक तुकडा मागे राहिला आणि वापर शून्य असे सांगत बसला. सवलतीची मुदत संपताच नव्या व्यवस्थेने शून्य खरे धरून त्या सेवेची जागा कापली. चूक दीड-दोन महिने गपचूप बसून होती.

फसलेल्या लॉगिनांचेही वाचन असते. एकाच नावावर दहा चुकीचे पासवर्ड आले तर बहुतेक दिवाळीच्या सुट्टीवरून परतलेला कुणीतरी आपलाच पासवर्ड विसरलेला असतो. पण तीनशे नावांवर एकेकदाच, तोच एक पासवर्ड फिरवून पाहिला गेला, तर बाहेरचा कुणी दारे चाचपतोय. पाच चुकांनंतर खाते बंद करणारा नियम इथे जागा होत नाही, कारण प्रत्येक नावावर चूक एकच. ते माणसालाच, किंवा माणसाने नीट शिकवलेल्या अलर्टला, दिसते.

आणि तरीही या धंद्यातले सगळ्यात कंटाळवाणे काम मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते : हजेरीपटाशी खात्यांचा मेळ घालणे. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी खाते हवे म्हणून चार फोन येतात. माणूस गेला हे कळवायला एकही येत नाही. बदली झालेल्याचे तर विचारू नका. लेखा विभागातून भांडारात गेलेल्याला भांडाराचे अधिकार लगेच मिळतात, लेख्याचे काढून घेणे कुणाच्याच कामात बसत नाही. पाच बदल्यांनंतर बिल करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस होऊ शकतो आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनवाहिनी खंडणीखोरांच्या हल्ल्यानंतर काही दिवस बंद ठेवावी लागली. चोर आत शिरले ते दूरून जोडणी घेण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते कुणी वापरत नव्हते, त्यावर ओटीपीसारखी दुसरी कडी नव्हती, आणि बंदही कुणी केले नव्हते.

म्हणून तुमची ता. क. मला प्रश्नापेक्षा जास्त बोचली. शुभेच्छा येतात म्हणजे कुठल्यातरी यादीत तुम्ही अजून नोकरीत आहात. ती यादी निव्वळ वाढदिवसांची असेल तर हरकत नाही. लॉगिनही तिच्यावरूनच चालत असेल, तर तुमच्या नावाचे दार चार वर्षे उघडे आहे. जुना पासवर्ड घालून बघायचा मोह आवरा. सोमवारी जुन्या कार्यालयाला फोन करा आणि खाते बंद केल्याचे लेखी मागा. उडवाउडवी झाली तर फोन सूनबाईंच्या हाती द्या.