किलिमांजारोची पूर्वतयारी

प्रश्न : काशीत ब्रह्माघाटी राहतो. किलिमांजारोस पाच दिवस पुरतील काय?

उत्तर : काशीच्या पंचक्रोशी यात्रेची सुमारे 80 किलोमीटरांची वाट कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर असे मुक्काम करीत आपण चाललात, तर पाय खचित तयार होतील, परंतु समुद्रसपाटीपासून जेमतेम 80 मीटर उंचीच्या काशीत राहून 5,895 मीटरांवरील विरळ हवेची सवय शरीरास होणे अशक्य असल्याने, मारांगू मार्गाच्या पाच दिवसांचा मोह टाळून लेमोशो मार्गाचे आठ दिवस मुक्रर करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सुमारे 4,600 मीटरांवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून त्याच सायंकाळी बाराँकोच्या खालच्या तळावर निजावयास उतरणे व अशा रीतीने शरीरास विरळ हवेची सवय लावणे, यातच त्या मार्गाचे मर्म आहे. परवानाधारक वाटाड्या सक्तीचाच. डोकेदुखी, ओकारी बळावल्यास शिखर कितीही समीप असो, तत्काळ उतरावे. हमालांच्या मजुरीत मात्र घासाघीस करू नये.