केग भरलेला, सिलिंडर रिकामा

प्रश्न : गेली दोन वर्षं मी घरी बिअर करते. बाटल्या धुण्याचा कंटाळा आला म्हणून तळघरात जुना फ्रिज, दोन केग आणि पाच पौंडांचा गॅस सिलिंडर अशी मांडणी केली. पण सिलिंडर भरून आणला की तीन आठवड्यांत संपतो. सगळे सांधे पान्याने आवळले, सगळीकडे पांढरी टेपही गुंडाळली. गॅस जातो कुठे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी तो पाना खाली ठेवा. तुम्ही केलेल्या दोन उपायांपैकी एक बहुतेक वाया गेला आहे आणि दुसऱ्याने गळती वाढली असेल. कुठल्याने काय झालं ते ओघात येईलच.

प्रथम हिशेब. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलोंच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड. तुमचे केग पाच गॅलनचे, म्हणजे १९ लिटरचे असावेत. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पट गॅस मुरवायचा तर फार तर ९५ ग्रॅम लागतो. पुढे १२ पीएसआय दाबावर ग्लास भरत गेलं की केगात रिकामी होणारी जागा भरायला आणखी ६५-७० ग्रॅम. थोडा गॅस सांडलवंड म्हणून सोडला तरी एका सिलिंडरात दहा-बारा केग आरामात निघतात. तीन आठवड्यांत तुमच्याकडे बारा केग रिकामे होत असतील, तर ती गळती वेगळ्या जातीची आहे आणि तिचा इलाज या सदरात नाही.

आता ‘संपला’ हे कशावरून ठरवलंत? रेग्युलेटरवरचा मोठ्या दाबाचा काटा यात फार फसवा आहे. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो आणि त्यातला थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब बदलत नाही. खोलीत तो साडेआठशे पीएसआयच्या आसपास राहतो, सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवलात तर पाचशेच्या आसपास. द्रव संपला की मात्र काटा धाडकन खाली येतो आणि माणसाला वाटतं, काल तर भरलेला होता! म्हणून काट्याकडे न बघता सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. त्याच्या गळ्यापाशी ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. ते वजा केलं की उरला तो गॅस. रेग्युलेटर लावलेलाच ठेवून वजन करणार असाल तर त्याचंही वजन वजा करायला विसरू नका.

दुसरा फसवा प्रकार रात्रभराच्या चाचणीचा. सिलिंडरची चावी बंद केली, सकाळी काटा उतरलेला दिसला, म्हणजे गळती, असं आपण धरून चालतो. पण नळीच्या टोकाला नुकताच भरलेला गार केग जोडलेला असेल तर गॅस बिअरच पिते. जितका दाब तितका गॅस द्रवात विरघळतो, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्येच दाखवून ठेवलं आहे. बिचाऱ्या सांध्यांवर उगाच आळ येतो.

तेव्हा चाचणी तुकड्यातुकड्याने करा. दोन्ही केगांवरचे कनेक्टर काढा. ते काढले की आपोआप बंद होतात. दाब ३० पीएसआयवर नेऊन सिलिंडरची चावी बंद करा, दोन्ही काटे लिहून ठेवा आणि झोपा. सकाळी काटे उतरले असतील तर चोर सिलिंडर आणि कनेक्टर यांच्या मध्ये आहे. मग रेग्युलेटरखालची छोटी चावीही बंद करून तीच चाचणी पुन्हा करा. आता काटे जागेवर राहिले तर दोष त्या चावीच्या पुढे, नळीकडे. तरीही उतरले तर मागे, सिलिंडरच्या सांध्यात किंवा खुद्द रेग्युलेटरमध्ये. आणि पहिल्याच रात्री काटे हलले नसतील, तर केग तपासायला घ्या.

सिलिंडर आणि रेग्युलेटर जिथे जुळतात त्या सांध्याला अमेरिकेत सीजीए-३२० म्हणतात. तिथे एक चपटा वॉशर असतो, आपल्याकडच्या प्लंबरचा ‘वायसर’. आटे तिथे फक्त दाबून धरतात, गॅस अडवतो तो वायसर. त्या आट्यांवर टेप गुंडाळून काहीच साधत नाही. तो वायसर दर भरणीला नवा घाला, किंमत किरकोळ असते. काही रेग्युलेटरांत तिथे ओ-रिंग बसवलेलीच असते, मग वेगळा वायसर लागत नाही.

टेपेने सर्वांत जास्त नुकसान होतं ते फ्लेअर जोडाचं. या जोडात एक निमुळतं तोंड दुसऱ्या उतरत्या कडेवर धातूला धातू भिडून बसतं. आट्यांवर टेप असली की नट पूर्ण बसण्याआधीच घट्ट लागतो आणि तोंडं भिडतच नाहीत. मग आपण आणखी आवळतो आणि पितळ चेपतं. टेपेचं खरं स्थान एकच, उतरते होत जाणारे एनपीटी आटे. तिथे आटे ज्या दिशेने फिरवून बसवतो त्याच दिशेने तीन-चार वेढे द्या आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपेची चिंधी सुटून रेग्युलेटरमध्ये शिरते.

नळी टोकावर चढवण्याआधी तिचं तोंड गरम पाण्यात बुडवा. स्क्रूची क्लिप बारीक नळीवर पुरती गोल बसत नाही, एका बाजूला फट राहते. चिमट्याने दाबायच्या कानाच्या क्लिपा बऱ्या. दाबून बसवायचे जोड असतील तर नळी काटकोनात कापा आणि बसवल्यावर एकदा ओढून बघा.

माझा स्वतःचा संशय मात्र केगच्या झाकणावर आहे. हे केग मुळात सोडा कंपन्यांचे. पेप्सीवाले बॉल-लॉक वापरत, कोकवाले पिन-लॉक. सिरप पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशव्यांतून यायला लागलं तेव्हा ते बाजारात स्वस्तात आले. झाकण लंबगोल असतं, तिरकं करून आत घालायचं आणि आतून वर ओढून बसवायचं. आठवलं काही? आईकडचा हॉकिन्सचा कुकर. दोन्हींत आतला दाबच झाकण घट्ट करतो. त्यामुळे गंमत अशी की १२ पीएसआयवर सूंसूं करणारं झाकण ३०वर गप्प बसतं. झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगला खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने चोळा, झाकण लावून ३०चा एक झटका द्या, मग दाब उतरवा. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमने काही जातींची रबरं फुगतात. केग जुने घेतले असतील तर कनेक्टर ज्यांवर बसतात त्या खांबांवरच्या आणि नळ्यांखालच्या ओ-रिंगा एकदम बदलून टाका. सोड्याचा वासही जाईल. आणि कनेक्टर जोर लावूनच बसत असेल तर थांबा. गॅसच्या खांबाच्या बुडाशी खाचा असतात, बिअरच्या खांबाला नसतात. अदलाबदल झाली की कनेक्टर अडकतो आणि रबर फाटतं.

शेवटी भांड्याच्या साबणाचं पाणी फवारा, घरी गॅसवाला शेगडीच्या नळीवर लावायचा तसंच. झाकणाची कड, दोन्ही खांब, दाब सोडायची झडप, एकेक सांधा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, पण बारीक फेस वर यायला मिनिटभर लागतं. तेवढा धीर धरा.

तुमचं तळघर आहे म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या गॅसला वास नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड आहे. जोसेफ प्रीस्टलीने १७६७च्या सुमारास लीड्समध्ये शेजारच्या बिअरच्या कारखान्यात पाहिलं होतं, की आंबणाच्या पिंपावर धरलेली पेटती ढलपी विझते आणि तिचा धूर पिंपाच्या कडेवरून खाली ओघळतो. तुमचा सिलिंडर एकदम सुटला तर बाराशे लिटरांहून जास्त गॅस असाच जमिनीलगत साचेल. हळू गळतीने एवढं होत नाही, पण सिलिंडर साखळीने उभा बांधा. तळघरात डोकं दुखलं किंवा धाप लागली तर तपास नंतर, आधी वर या. आणि छतावरच्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर विसंबू नका, त्याला हा गॅस कळत नाही. वेगळा अलार्म मिळतो, तो खाली, जमिनीजवळ लावा.

प्रश्न : हे सगळं पुण्यात घरी करता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बिअर नाही. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली, घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. सोडा मात्र खुशाल करा, केग तोच, गॅसही तोच, फक्त सिलिंडर खाद्यपदार्थांसाठीच्या प्रतीचा भरून घ्या. पाणी जितकं गार तितका गॅस जास्त मुरतो. लिंबू केगमध्ये पिळू नका, ग्लासात पिळा. गर झडपेत अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि मग तुम्हीही मला हेच पत्र लिहाल.